‘इको’ छपाईचा माल खान्देशच्या उन्हात कसा वागतो

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे पाच-सहा आठवडे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या छापखान्यांत श्वास घ्यायला फुरसत नसते. लग्नपत्रिका, बियाण्यांची पत्रके, नव्या वर्षाच्या शाळेच्या डायऱ्या, सगळे एकदम अंगावर येते. नेमका तेव्हाच पारा ४३-४४ वर असतो आणि दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांच्याही खाली जातो. अलीकडे याच हंगामात गिऱ्हाईक ‘इको’ माल मागू लागले आहे: उसाच्या चिपाडाचा कागद, सोयाबीनची शाई, बी पेरलेली पत्रिका, कापडी बॅनर. या चार वस्तूंचे हे परीक्षण. कंपन्यांची माहितीपत्रके २०-२५ अंशांची आणि ५०-५५ टक्के आर्द्रतेची प्रेसरूम गृहीत धरून लिहिलेली असतात. इथे कसोटी वेगळी आहे: वर पत्रा, कोपऱ्यात डेझर्ट कूलर आणि पाणी बोअरचे.

निकाल आधीच सांगून टाकतो. कागद घ्यावा. शाई घ्यावी, पण ती बदलल्यावर पाणी आणि धुण्याचे रसायनही बदलायची तयारी असेल तरच. बीजपत्रिका बहुतेक वेळा हौसेची वस्तू आहे. कापडी बॅनरचा एक धागा जाळून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि या चारही वस्तूंपेक्षा जास्त कागद वाचवणारी गोष्ट दुकानात मिळतच नाही. ती शीटच्या आकाराच्या हिशेबात आहे.

चिपाडाचा मॅपलिथो: पाचपैकी चार

दिसायला नेहमीच्या मॅपलिथोसारखाच, म्हणजे चकाकीचा लेप नसलेल्या साध्या छपाईच्या कागदासारखा. या कागदाचे देशातले मोठे नाव म्हणजे तमिळनाडूत करूरजवळच्या कागितपुरमची टीएनपीएल. उत्तरेकडच्या काही गिरण्याही तो काढतात. ‘शंभर टक्के चिपाड’ असे विक्रेता छातीठोकपणे सांगू लागला तर थोडे सावध व्हावे. चिपाडाचा तंतू आखूड असतो, एकट्याच्या जिवावर त्याला पुरेशी ताकद येत नाही, म्हणून लगद्यात लांब तंतूचा लाकडी लगदा मिसळण्याची पद्धत आहे. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

आखूड तंतूमुळे कागदाचे पृष्ठ सारखे आणि गुळगुळीत येते. रफार, अनुस्वार, जोडाक्षरांचे बारीक कोपरे चांगले उठतात. तोटा असा की शीट दाट बसते. त्याच जीएसएमला (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) ती हाताला पातळ लागते आणि मागच्या पानावरचा मजकूर पुढे डोकावतो. दोन्ही बाजूंनी छापायचे असेल तर ६० जीएसएम पुरत नाही, ७० घ्यावा लागतो, आणि तिथेच हिशेब फसतो: पर्यावरणासाठी म्हणून निवडलेला कागद वजनाने सुमारे १७ टक्के जास्त लागला. यावरचा उपाय डिझाइनमध्ये आहे. मागच्या-पुढच्या पानांवरचे फोटो एकमेकांच्या पाठीला पाठ लावून ठेवावेत, मजकुराच्या मागे गडद पट्टा टाकू नये, ओळींमधले अंतर दोन्ही पानांवर सारखे ठेवावे म्हणजे ओळीमागे ओळ येते. एवढे केले तर साध्या मजकुराच्या पुस्तिकेला ६० चालून जातो.

दुसरी तक्रार भुशाची. चिपाडातला गर पूर्ण निघाला नसेल तर त्याचे कण ब्लँकेटवर (प्लेटवरची शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी चादरीवर) बसतात आणि भरीव रंगात पांढरे ठिपके पडतात. रीम (५०० शीटचा गठ्ठा) घेण्याआधी दोन चाचण्या कराव्यात. काळ्या कापडाने कापलेली कड पुसायची. कापड पांढरे झाले तर कटरची धार किंवा कागद, दोहोंपैकी एक वाईट आहे. मग शीटवर सेलोटेप दाबून चिकटवायचा आणि सावकाश ओढायचा; टेपवर तंतूंची लव आली तर चिकट शाईखाली तो कागद सोलणार. अशी रीम आलीच तर तिच्यावर भरीव रंगाचे काम घेऊ नये, बिलबुकांना वापरून टाकावी. चिपाडाचा कागद फाटतोही लवकर. स्पायरल डायरीची भोके कडेपासून किमान ५-६ मिलिमीटर आत घ्यावीत, नाहीतर दिवाळीच्या आत पाने सुटतात.

आता उन्हाचे. हा दोष कागदाच्या जातीचा नाही, पण भोगावा सगळ्यांनाच लागतो. कोरड्या हवेत उघड्या गठ्ठ्याच्या कडा आधी सुकतात आणि आखडतात. मधला भाग ओलसर राहिल्याने शीटला पोट येते. मशीनला कागद पुरवणारा फीडर एकाच वेळी दोन शीट ओढतो, मागची कड सुरकुतते. पावसाळ्यात याच्या उलट: कडा फुगून लाटा येतात. तालुक्याच्या गावी बहुतेक काम एकरंगी किंवा दोनरंगी मशीनवर होते, म्हणजे चार रंगांचे काम दोन किंवा चार फेऱ्यांत. पहिल्या फेरीनंतर गठ्ठा रात्रभर उघडा राहिला तर सकाळी शीट आखडलेली असते, आणि दुसऱ्या फेरीचे रंग मधे बरोबर बसले तरी कडेला सरकतात. दोष मशीनमनला दिला जातो. खरे तर फेऱ्यांच्या मधे गठ्ठा प्लास्टिकच्या कागदात चारी बाजूंनी गुंडाळून ठेवला की निम्मा त्रास संपतो. रीम वेष्टनासकट २४ ते ४८ तास मशीनच्या खोलीत ठेवायची आणि लागेल तेव्हाच फोडायची. कूलर चालवावा, तो हवेत ओलावा आणतो. पण त्याचा झोत गठ्ठ्यावर किंवा फीडरवर सरळ येऊ देऊ नये, कारण मग एकच बाजू फुगते. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीला टांगला तर वाया जाणाऱ्या शीटमधून त्याची किंमत एका हंगामात सुटते.

शुभ्रतेचा मोह हा आणखी एक मुद्दा. दुधासारख्या पांढऱ्या मॅपलिथोत चमक आणणारे रसायन असते. नोटा तपासायचा निळा दिवा कागदावर धरला की तो झळकतो. ‘नॅचरल शेड’ मंद राहते. डायरी, पुस्तिका, पावतीबुक यांना नॅचरल शेड डोळ्यालाही बरी. फोटो असतील तर मात्र त्वचेचा रंग पिवळट वाटेल हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे, नंतर वाद नको.

चिपाड म्हणजे सगळे पुण्यच, असेही समजू नये. साखर कारखाना ते बॉयलरमध्ये जाळत असतो. कागदगिरणीने ते नेले की कारखान्याला दुसरे इंधन लागते. शहाद्याकडचा ऊस शहाद्यात गाळला जातो, आणि चिपाडाचा कागद येतो पार तमिळनाडूतून ट्रकने. गंमत अशी की कागद ही खान्देशला परकी वस्तू नाही. एरंडोल आणि यावल एके काळी जाड्याभरड्या देशी कागदासाठी प्रसिद्ध होती, तशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात आहे. आणि भुसावळहून खंडव्याकडे जाताना लागणारे नेपानगर हे देशातल्या पहिल्या वृत्तपत्री कागदाच्या गिरणीचे गाव; ती गिरणी सलईच्या लाकडावर उभी राहिली.

प्रमाणपत्राबद्दल एक बारकावा, कारण इथे सर्रास चूक होते. एफएससी (जंगल राखून काढलेल्या लाकडाचा दाखला देणारी संस्था) प्रमाणित कागद विकत घेतला म्हणून पत्रकावर एफएससीचे झाड छापता येत नाही. त्यासाठी छापखान्याकडे स्वतःचे साखळी-प्रमाणपत्र (माल कोणाकोणाच्या हातून आला याचे) लागते आणि कागदाच्या बिलावर तसा दावा लिहिलेला असावा लागतो. नेटवरून चिन्ह उतरवून कोपऱ्यात चिकटवणे ही सरळ फसवणूक आहे.

शीटचा हिशेब

रीमचे वजन काढायचे सूत्र प्रत्येक कागदवाल्याला पाठ असते, डिझाइनरला क्वचित: लांबी गुणिले रुंदी (इंचांत) गुणिले जीएसएम, भागिले ३१००, म्हणजे ५०० शीटचे किलो. २३×३६ ची ७० जीएसएम रीम १८.७ किलो भरते, २५×३६ ची २०.३ किलो.

आता नेहमीचे काम घेऊ: ४,००० पत्रके, दोन्ही बाजूंनी चार रंग. कोरल ड्रॉ उघडले की पान ए-फोर येते, २१०×२९७ मिलिमीटर, आणि बहुतेक जण त्यावरच काम सुरू करतात. पण २३×३६ ची शीट म्हणजे डबल डेमी; अर्धी डबल डेमी म्हणजे १८×२३ इंच, मिलिमीटरमध्ये ४५७×५८४. ए-फोरच्या दोन उंच्या ५९४ होतात. दहा मिलिमीटरने काम बसत नाही! मग छापखाना गुपचूप २५×३६ ची रीम घेतो. तेच पान २१६×२७९ केले तर १८×२३ मध्ये चार पाने ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई) आणि ग्रिपर (मशीन शीट जिथे धरते ती कड) यांसकट बसतात. पानाची उंची दोन सेंटिमीटरहूनही कमीने घटली म्हणून मजकूर बसत नाही असे पत्रक विरळा. वाचलेला कागद थेट ८ टक्के, आणि एका रुपयाचाही खर्च नाही. कोणत्याही ‘इको’ शिक्क्यात एवढी खात्रीची बचत नाही.

त्याच शीटवर दोन पुढची आणि दोन मागची पाने एकत्र लावली, म्हणजे वर्क अँड टर्न केले, तर आठऐवजी चार प्लेटांत काम होते. १,००० शीट एका बाजूने छापायच्या, ग्रिपर तोच ठेवून उलटायच्या, दुसऱ्या बाजूने त्याच प्लेटांवर छापायच्या. दुसऱ्यांदा प्लेटा चढवणे नाही, सेटिंगला जाणाऱ्या शीटही अर्ध्यावर येतात. एका सेटिंगला शंभर-दीडशे शीट जातात हे धरले तर १,००० शीटच्या कामात ही बचत मोठी. अट एकच: शीट चारी बाजूंनी काटकोनात कापलेली हवी, कारण उलटल्यावर बाजूची टेक (शीट जिथे टेकवून सरळ करतात ती) दुसऱ्या कडेला येते.

वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा भंगारात चांगल्या भावाने जातात. जुने ॲल्युमिनियम वितळवायला नव्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते, त्यामुळे प्लेट हा छपाईतला सर्वांत कमी पापाचा भाग आहे. प्लेट धुतलेले तीव्र अल्कली पाणी मात्र गटारीत जाता कामा नये. डेव्हलपर न लागणाऱ्या प्लेटा निघाल्या आहेत, त्या मशीनवरच पहिल्या काही शीटमध्ये उघडतात. पण ओरखडा लवकर घेतात आणि प्रतिमा फिकट दिसत असल्याने चुकीची प्लेट चढवण्याचा धोका असतो. हात सांभाळून काम करणारा माणूस असेल तरच मागवाव्यात.

सोयाबीन शाई: पाचपैकी तीन, पावसाळ्यात साडेतीन

अमेरिकेत वृत्तपत्रांनी खनिज तेलाच्या शाईला पर्याय म्हणून ही शाई पुढे आणली. १९८७ मध्ये आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या ‘द गॅझेट’ने ती पहिल्यांदा छपाईत वापरली. नावावरून वाटते तेवढी ती सोयाबीनची नसते. रंगद्रव्य, राळ, वाळवणारी द्रव्ये ही सगळी आहेतच. बदलतो तो तेलाचा भाग. शीटफेड (सुट्या शीटवर छापायच्या) शाईवर तिकडचे सोया चिन्ह लावायला २० टक्के सोया तेल पुरत असे. त्यामुळे डब्यावरचे पानाचे चित्र पाहून समाधान मानू नये. पुरवठादाराकडे ‘खनिज तेल किती’ हा प्रश्न लेखी विचारावा. उत्तर ‘शून्य’ असेल तर शाई कामाची.

रंग खुलतो यात शंका नाही. सोया तेल स्वच्छ असल्याने पिवळा आणि मॅजेंटा जास्त उजळ दिसतात, आणि रद्दीतून कागद पुन्हा करताना ही शाई सोडवायला सोपी जाते. अडचण वाळण्याची. जवसाचे तेल हवेत घट्ट होते, सोयाचे सावकाश. मॅपलिथोवर शाई कागदात मुरते म्हणून फारसे जाणवत नाही. आर्ट पेपरवर (लेप दिलेल्या चकचकीत कागदावर) मात्र गठ्ठा उंच रचला की खालच्या शीटची शाई वरच्या शीटच्या पाठीला लागते. आर्ट पेपरवर गठ्ठा ३००-४०० शीटचाच ठेवावा, स्टार्चची पावडर नीट बसते का पाहावे, आणि कटिंगला २४ तासांच्या आत घेऊ नये. उद्या सकाळी द्यायच्या कामाला ही शाई वापरू नये, एवढे साधे आहे. घाईत शाईतला ड्रायर (वाळवणारे द्रव्य) वाढवला तर रोलरवरच कातडी धरते.

उन्हाळ्यात दुसरेच दुखणे. ४० अंशांच्या खोलीत शाई पातळ होते, पाणी (ऑफसेटमध्ये प्लेटची कोरी जागा शाईपासून वाचवायला ती ओली ठेवतात, ते) जास्त ओढून घेते आणि कोऱ्या जागेवर फिकट रंगाची झाक येते. मशीनमन सवयीने पाणी वाढवतो, मग शाई अजून फुटते आणि वाळणे आणखी लांबते. करायचे उलटे: पाणी कमीत कमी, शाईचा डबा सावलीत, आणि डब्यात रॉकेल किंवा रिड्युसर अजिबात नाही. खनिज तेल टाळायला पैसे मोजायचे आणि पातळ करायला रॉकेल ओतायचे, हे फक्त आपल्याकडेच होऊ शकते.

पाण्याचा विषय शाईपेक्षा मोठा आहे आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. इथल्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी जड असते. त्यातले कॅल्शियम रोलरवर साचते, रोलर गुळगुळीत काचेसारखे होतात, शाई घेईनासे होतात. आंघोळीच्या बादलीला पांढरा थर धरत असेल तर रोलरलाही धरतोच. आरओचे पाणी घ्यावे, पण नुसते नव्हे: त्यात घालायचे फाउंटनचे द्रावण डब्यावरच्या प्रमाणात मिसळून पीएच ४.८ ते ५.५ मध्ये ठेवावा. त्याखाली गेला की सोया शाई वाळायला फार वेळ घेते. ‘शाई खराब आली’ अशा तक्रारींत हेच कारण वारंवार सापडते. दर आठवड्याला टाकी रिकामी करून धुवावी.

मोठ्या मशीनवर फाउंटनमध्ये (पाण्याच्या टाकीत) ८ ते १२ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. मे महिन्यात ते टाकीतून उडून मशीनमनच्या नाकात जाते. अल्कोहोलऐवजी २-३ टक्क्यांवर चालणारे पर्यायी द्रावण मिळते. त्यासाठी पाण्याचे रोलर मऊ हवेत आणि दाब नव्याने बसवावा लागतो, नाहीतर पहिल्याच दिवशी ‘हे चालत नाही’ असा निकाल लागतो. एक मजा आहे: तालुक्याच्या गावातली जुनी डॉमिनंटसारखी मशीन, पाण्याच्या रोलरवर मोलटनचे कापड चढवलेली, अल्कोहोलशिवायच चालत आली आहेत. या एका बाबतीत शहरापेक्षा गावचा छापखाना पुढे आहे, न कळत का होईना.

ब्लँकेट धुवायला पेट्रोल किंवा रॉकेल वापरण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. पेट्रोलची वाफ गोठणबिंदूच्या कितीतरी खालीसुद्धा पेट घेते. बंद शेड, ४४ अंश आणि मोटरची ठिणगी हे एकत्र येऊ देण्यात काय शहाणपण? वनस्पती तेलाच्या एस्टरचे धुलाईद्रव १०० अंशांच्या वरच पेटते आणि त्याला वासही फारसा नाही. ते उडून जात नाही, त्यामुळे पुसल्यावर ओल्या कापडाचा एक हात मारावा लागतो. नाही मारला तर पुढच्या वीसेक शीट तेलकट येतात. वेळ मिनिटभर जास्त, द्रव मात्र निम्मेही लागत नाही.

आणखी एक गैरसमज. सोया शाई म्हणजे खाण्याजोगी शाई नव्हे. फरसाण, मिठाई, भरीत पार्टीचे द्रोण यांना छापील बाजू लागता कामा नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांत छापील पृष्ठ अन्नाला लागू नये असे स्पष्ट आहे, आणि शाईसाठी आयएस १५४९५ हे मानक दिले आहे. हॉटेलच्या ट्रेमधला छापील कागद त्यातच येतो.

डिझाइन करतानाही शाई वाचते. मॅपलिथोसारख्या अनकोटेड (लेप नसलेल्या) कागदावर ठिपका पसरतो, म्हणून चारही रंगांची बेरीज २६०-२८० टक्क्यांत ठेवावी. आर्ट पेपरचे ३०० तसेच पाठवले तर चिखल होतो. काळा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर. चार रंगांच्या गडद पट्ट्यात पांढऱ्या अक्षरांनी सात-आठ पॉइंटचे देवनागरी टाकू नये: कागद जरा आखडला की मात्रा भरतात आणि ‘कुंभार’चा ‘कुभार’ होतो.

पत्रिका

खान्देशी लग्नपत्रिकेत निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, किलबिल अशी भाऊबंदांची यादी असते आणि तिला कात्री लावायचा सल्ला कोणी देऊ नये. वाचवायचे ते वरचे वेष्टन. १ जुलै २०२२ पासून ज्या एकदा वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे, त्यात निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची फिल्मही आहे, मिठाईच्या खोक्यावरचीसुद्धा. तरी ती चकचकीत पिशवी अजून मिळते. पत्रिकेवरचे लॅमिनेशन या बंदीत येत नाही, पण रद्दीवाल्याच्या दृष्टीने तो कागद मेलेलाच. चमक हवीच असेल तर पाण्यावर आधारित कोटिंग मागावे.

बीजपत्रिकेला पाचपैकी दोन. हातकागदात तुळस, राजगिरा, झेंडू यांचे बी दाबलेले असते. ऑफसेटवर चढवली तर बी चिरडते आणि ब्लँकेटला खड्डा पाडते. लेझर प्रिंटरच्या तापत्या रोलरमधून काढली तर बी भाजून निघते. छपाई स्क्रीननेच (जाळीतून शाई दाबून) आणि पाण्यावरच्या शाईनेच हवी, हे विक्रेते सांगत नाहीत. फेब्रुवारीत छापून पत्र्याखालच्या गोदामात मेपर्यंत ठेवलेल्या पत्रिकेतले बरेच बी तिथेच मरते. पत्रिका मिळणाऱ्याने ती रात्रभर भिजवून, तुकडे करून, अर्धा सेंटिमीटर मातीखाली दाबून सावलीत दिवसातून दोनदा पाणी घालायचे. खान्देशच्या मे महिन्यात हे किती घरांत होईल? घ्यायचीच असेल तर झेंडूचे लांब बी टाळावे, त्याने कागदाला उंचवटे येतात. तुळशीचे बारीक बी बरे. आणि आधी दोन पत्रिका पेरून पाहाव्यात. दहा दिवसांत काही उगवले नाही तर ऑर्डर देऊ नये.

त्यापेक्षा बी नसलेला साधा हातकागद किती तरी चांगला. होजिअरीच्या सुती चिंध्यांचा, २००-२५० जीएसएमचा. पुण्याच्या हातकागद संस्थेने १९४० पासून हा धंदा जिवंत ठेवला. २२×३० इंचाच्या शीटमधून साडेपाच बाय साडेसातच्या सोळा पत्रिका निघतात, बाहेरच्या झालरदार कडा तशाच ठेवल्या तर तुकडाही वाया जात नाही. ऑफसेटचा ग्रिपर ही झालर पकडत नाही, तेव्हा स्क्रीन किंवा ट्रेडल (उठावाच्या ठशांवरून छापणारे जुने यंत्र). किती छापखान्यांत कोपऱ्यात जुने ट्रेडल धूळ खात उभे आहे! ब्लॉक करून त्यावर एका रंगात छापलेली पत्रिका बोटाला जाणवते आणि तिला लॅमिनेशनची गरजच पडत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या खोडाच्या धाग्याचा कागदही मिळतो, दिसतो देखणा. पण त्यातल्या लांब रेषांवर बारीक अक्षर तुटते. बारा पॉइंटच्या खाली जाऊ नये आणि नावांची यादी वेगळ्या साध्या कागदावर आत घालावी.

कापडी बॅनर

फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसी. जाळला तर हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, आणि दोन थर वेगळे करता येत नसल्याने भंगारवालाही घेत नाही. २०२२ च्या बंदीत १०० मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनर आले. चौकाचौकांतला नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असतो, म्हणून त्या कलमातून तो सुटला.

पर्याय म्हणून जे ‘कापडी’ विकले जाते त्यात पुष्कळदा पॉलिएस्टरच असते. कडेचा एक धागा उपसून बाहेर उघड्यावर पेटवावा: सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून काळा कडक मणी बनतो. पॉलिएस्टर वाईटच असे नाही, घडी करून चार वर्षे वापरता येते. पण त्याला सुती म्हणून सुतीचा भाव लावू नये.

खऱ्या सुती बॅनरला पाचपैकी साडेतीन. सावलीत, सभागृहात, मंडपात उत्तम. उघड्यावर पावसात ते भिजून जड होते आणि मधे झोळ येतो, शाई डायची (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) असेल तर रंग ओघळतात. पिगमेंट किंवा लेटेक्स शाई मागावी. कापड आकसते, म्हणून प्रत्येक बाजूला चार-पाच सेंटिमीटर जास्त ठेवून दुहेरी शिवण घ्यावी, आयलेट त्या शिवणीत ठोकावेत आणि दोरीऐवजी वरच्या-खालच्या नळीत बांबू घालावा. दहा फुटांहून रुंद बॅनर एका तुकड्यात करू नये, वारा त्याला शीड बनवतो.

सारंगखेड्याची यात्रा असो की गणपती मंडळ, दर वर्षी बदलते ती फक्त तारीख, आणि फार तर पाहुण्यांची नावे. मुख्य बॅनरवर तारीख छापूच नये. खाली एक फूट उंचीची वेगळी पट्टी, वरच्या कडेला वेल्क्रो किंवा बटणे. दर वर्षी तेवढीच पट्टी नवी. मंडळाने फोटोंची रांगही त्याच पट्टीवर घेतली तर पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलले तरी बॅनर तोच चालतो.